सयाजीराव गायकवाड आणि शिकागोची सर्वधर्म परिषद - नेमकं खरं काय?

बागलाणी
मंडळी, थोडी मदत हवीय. आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांवर बोलायचंय, मी मालेगाव साइडचा आणि महाराजांचं जन्मगाव कवळाणे तिथलंच म्हणून माझ्या गळ्यात मारलंय. सक्तीचं शिक्षण, गावोगावची वाचनालयं, बाबासाहेबांची स्कॉलरशिप हे सगळ्यांना पाठ आहे त्यामुळे वेगळं काहीतरी शोधत होतो, तर व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आला की ज्या शिकागो परिषदेत विवेकानंद बोलले तिचे अध्यक्षच महाराज होते. मला हे काही पटेना. आणि दुसरं म्हणजे सगळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांशी बोलावं, समजून घ्यावं यासाठी त्यांनी खरंच काही केलं होतं का, की परदेशात जाऊन एक भाषण ठोकलं आणि झालं?

मांडवीचा म्हातारा
फॉरवर्डवाल्याने चाळीस वर्षं गिळलीत. विवेकानंदांची परिषद 1893 ची. महाराज बोलले ते 1933 मध्ये, गाव शिकागोच, तेव्हाही तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलेलं आणि त्याच सुमारास वर्ल्ड फेलोशिप ऑफ फेथ्स नावाने धर्मपरिषद झाली, तिला बरेच जण दुसरी सर्वधर्म परिषद म्हणतात म्हणून हा घोळ. महाराज तेव्हा सत्तरीत होते.

पण मी म्हणतो भाषण सोडाच हो, घरी काय केलं ते बघा. बडोदा कॉलेजात त्यांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला, इंग्लंडहून आल्बन विजरी म्हणून गृहस्थ आणले आणि त्यांचं या विषयावरचं जाडजूड पुस्तक 1922 मध्ये बडोद्यातच छापलं. म्हणजे बघा, संस्थानिक हिंदू, शिकवणारा इंग्रज, प्रजेत हिंदू मुसलमान जैन पारशी सगळे, आणि पगार दरबारातून कशाचा तर सगळे धर्म शेजारी शेजारी ठेवून शिकवण्याचा! बाकीच्या राजांचे पैसे त्या काळात कुठे जात होते ते सांगत बसत नाही.

त्याच्याही आधी विठ्ठल रामजी शिंदे. 1901 ला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात हाच विषय शिकायला गेले, त्यांच्या पाठीशीही बडोदा होतंच. परत आले आणि 1906 ला मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. हे जरूर सांगा, शिंद्यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतात.

खडूस_०७
सगळं छान आहे, आता काडी टाकतो. 1917. बाबासाहेब परदेशातून परत येतात, स्कॉलरशिपच्या करारापायी बडोद्यात नोकरीला रुजू होतात, आणि राहायला खोली मिळत नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, वीज नाही, एक कंदील, राहण्याजेवणाचा दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. मग एका हिंदू मित्राला विचारलं, तो म्हणाला तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिश्चन मित्राला विचारलं, तो म्हणाला बायकोला विचारून सांगतो. झाले की तीन धर्म! या एका बाबतीत तिघांचं एकदम एकमत. शेवटी रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. हिंदूला जो अस्पृश्य तो पारश्यालाही अस्पृश्य हे तेव्हा पहिल्यांदा कळलं असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.
तर प्राध्यापक नेमून काय उपयोग झाला ते सांगा आता.

सुगरणीचा खोपा
@खडूस मुद्दा जबरी आहे पण राजाने कायदा केला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी बदलला असं कुठे होतं का? महाराजांना हे माहीत नव्हतं असंही नाही. अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, शाळा त्यांनी 1882-83 च्या सुमारास काढल्या तेव्हा हिंदू मास्तर शिकवायलाच तयार नव्हते, मग मुसलमान मास्तर नेमले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम या शाळांचं काम बघायला आले. मला तर परिषदेपेक्षा हे जास्त भारी वाटतं, वर्गात मुसलमान मास्तर, समोर अंत्यजांची पोरं, आणि पगार मराठा राजाचा. यात कुणी कुणाशी धर्मावर चर्चा केली नसेल, पाढेच म्हटले असतील, पण चालू होतं ना.

खडूस_०७
पाढ्यांपर्यंत मान्य. पण मास्तर मिळत नाहीत म्हणून मुसलमान नेमले ही अडचणीतून काढलेली वाट झाली, तिला सर्वधर्मसमभावाचं लेबल लावू नका. आणि बाबासाहेबांसारख्या राजाच्या नोकराला राजाच्याच गावात सरकारी बंगला वेळेत मिळू नये, अर्ज कागदांतच फिरत राहावा, हे शेजाऱ्यांवर नाही ढकलता येणार.

मांडवीचा म्हातारा
बंगल्याचं तुमचं बरोबर आहे, तिथे दरबार कमीच पडला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण स्वतःच्या धर्मातल्यांना दुखवायची तयारी होती या माणसाची, ते तरी धरा. 1915 चा पुरोहित कायदा बघा, परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतल्याशिवाय पौरोहित्य करायचं नाही! भटजी मंडळी किती चिडली असतील. दुसऱ्यांच्या धर्मावर बोलणं सोपं असतं हो, आपल्या घरच्या गुरुजींना परीक्षेला बसवून दाखवा.

बागलाणी
बापरे, मी एका फॉरवर्डचं विचारलं होतं. धन्यवाद सगळ्यांना. पण माझ्याकडे दहाच मिनिटं आहेत, यातलं काय ठेवू?

सुगरणीचा खोपा
विवेकानंद काढून टाका, शिकागो एका वाक्यात उरका. विजरी, शिंदे आणि अंत्यज शाळा ठेवा. कामाठी बाग गाळू नका, नाहीतर कट्ट्यावर कुणीतरी उठून विचारेलच आणि तुमची पंचाईत. पुरोहित कायदा शेवटी घ्या, वाचनकट्ट्याला एक तरी गुरुजी असतातच, पुढची वीस मिनिटं तेच बोलतील.