जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली आणि चौदा महिन्यांत सव्वा लाख घातले: चूक गाडीची की माझी?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

मंडळी, आधी हिशोब टाकतो, मग शिव्या घालायच्या तर घाला.

२०२० च्या दिवाळीत पहिल्या मालकाने घेतलेली डिझेल, मॅन्युअल, चार मीटरच्या आतली उंच गाडी. मी जुलै २०२४ मध्ये ७ लाख ९० हजारांना घेतली, तेव्हा ५८ हजार किमी झाले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की अर्धे तुटून पडणार, अर्धे वाचवायला धावणार आणि विषय राहील बाजूला.

चौदा महिन्यांतला खर्च असा: क्लच सेट आणि फ्लायव्हील ४६,०००. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकअपचे वरचे माउंट (सगळं चाकांच्या सस्पेन्शनचं) १७,४००. एसीचा कंडेन्सर ९,८००. डीपीएफ (सायलेन्सरच्या लाईनमधली काजळी धरणारी जाळी) आधी स्कॅनर लावून जाळून घेतला, दोन महिन्यांनी उतरवून साफ केला, दोन्ही मिळून १६,५००. चार टायर २७,६००. बॅटरी ५,९००. बेरीज १,२३,२००. सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्स यात नाही.

क्लचचं सांगतो. गाडी बंद केली की खालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, दोन सेकंद, मग शांत. मी महिनाभर दुर्लक्ष केलं. गिअरबॉक्स उतरवल्यावर मेकॅनिकने फ्लायव्हील माझ्या हातात दिलं. त्याला दोन तबकड्या असतात आणि मध्ये स्प्रिंगा, डिझेल इंजिनाचे हादरे खायला. वरची तबकडी चक्क डुगडुगत होती. लेबर सहा हजार, बाकी सगळे मालाचे पैसे.

माझं मत झालंय की ठाण्यात जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेणं म्हणजे दुसऱ्याने केलेली झीज आपल्या खिशातून भरणं. हॅचबॅकच्या पैशात एसयूव्ही मिळते म्हणून आपण खूष होतो, पण पार्ट काही हॅचबॅकच्या भावात येत नाहीत. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. माझ्यासारख्या डिझेलवर आधी सेससकट ३१ होता. म्हणजे मी घेतलेली गाडी एका रात्रीत आणखी जुनी झाली.

बोला.

टर्बोतात्या

साहेब, बेरीज बरोबर आहे, मांडणी चूक आहे. टायर आणि बॅटरी हा दुरुस्तीखर्च कधीपासून झाला? नवीन गाडी घेतली असतीत तरी पाचव्या वर्षी हे दोन्ही बदललेच असते. ३३,५०० तिथेच कमी करा. उरले ८९,७००.

आता दुसरी बाजू. इन्शुरन्सवाले गाडीची किंमत कशी धरतात बघा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्याला ३०, चौथ्याला ४०. बाजारभाव थोडा इकडेतिकडे होतो, पण उतार हाच. बारा लाखांची गाडी नवी घेऊन पहिली दोन वर्षं तुम्ही वापरली असतीत तर दोन-अडीच लाख कुठलीही खडखड न होता गेले असते. ते बिल कुणी हातात देत नाही म्हणून दुखत नाही, एवढंच.

मी स्वतः दोन गाड्या सेकंड हँड वापरल्या, दोन्ही एक लाखाच्या पुढे नेल्या. पहिल्या वर्षाला ७५ हजार बाजूला काढूनच गाडी घ्यायची. ते तुम्ही काढले नव्हतेत.

कासारवडवलीकर

तात्या, घसारा कागदावर असतो, मेकॅनिकला गूगल पेवर द्यावे लागतात. आणि रस्त्यात एसी बंद पडल्याचा घसारा कुठल्या तक्त्यात धरता? कंडेन्सर मे महिन्यात गेला, मागे आई बसलेली, माजिवड्याच्या पुलाखाली पाऊण तास.

वाचनमात्र_वाशी

खुर्ची टाकून बसलो आहे. चालू द्या.

तुर्भेचा पाना

माझं तुर्भ्याला गॅरेज आहे, तेव्हा मी धंद्याच्या बाजूने बोलतो असं समजूनच वाचा.

लोकांना वाटतं उंच गाडी म्हणजे मजबूत गाडी. बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे हॅचबॅकच्याच सांगाड्यावर उंच बॉडी आणि मोठं चाक. वजन वाढलं, चाक जड झालं, खालचे बुश आणि बॉल जॉइंट मात्र फार काही वेगळे नसतात. त्यात मालक गाडी उंच आहे म्हणून खड्डा बघून ब्रेक मारत नाही. हॅचबॅकवाला पोट घासेल म्हणून घाबरून हळू जातो, त्याचे लोअर आर्म जास्त टिकतात. हे मी रोज लिफ्टखाली उभं राहून बघतो. उंचीने ऑइल पॅन वाचतं, बुश वाचत नाहीत.

घोडबंदरला मेट्रोच्या खांबांच्या कडेने वर्षानुवर्षं गाडी गेली असेल तर ६० हजारांना आर्म आणि लिंक रॉड जाणारच, ब्रँड कुठलाही असू दे. लिंक रॉडची जोडी लोकल मालात हजार-बाराशेला येते, कंपनीची दुप्पट. स्पीड ब्रेकरवरून एक चाक आधी उतरलं आणि ‘टक’ वाजलं की आधी तोच बघायचा. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी अख्खा शॉकअप बदलून देतात, आठ-नऊ हजारांचं काम.

कासारवडवलीकर, एक विचारतो. गाडी रोज किती चालते?

कासारवडवलीकर

घर ते वागळे इस्टेट. दहा-अकरा किमी एका बाजूला. सकाळी पन्नास मिनिटं, संध्याकाळी विचारू नका.

तुर्भेचा पाना

मग तुमचा डीपीएफ कंपनीने नाही, कापूरबावडीच्या सिग्नलने भरला.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाईनला जाळी असते, ती काजळी धरून ठेवते. ती काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि इंजिन पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालावं लागतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला ते कधीच मिळत नाही. जाळायला सुरुवात होते, तुम्ही ऑफिसला पोचता, चावी फिरवता, काम अर्धवट. असं दहादा झालं की लाईट लागतो.

आज घरी गेल्यावर एक करा. गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का आणि वास कशाचा येतो ते कळवा.

सई_नेरूळ

धागाकर्त्यांशी असहमत, पण कारण तात्यांचं नाही.

माझी जुनीच गाडी, टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लच, दोन्ही गाडी स्वतःच दाबते). नेरूळ ते महापे. २७ हजार किमीला घेतली, आता ६६ हजार. एवढ्यात एक एसीचा ब्लोअर मोटर, ४,२००, आणि पुढचे ब्रेक पॅड. बस. गाडी खराब की चांगली असा प्रश्नच चुकीचा. कुठल्या रस्त्यावर कुठलं इंजिन हा प्रश्न. सायन-पनवेल हायवे आणि पाम बीच रोजचा रस्ता असेल तर गाडीला श्वास मिळतो.

पाटलीपाडा_९७

ताई, तुमची गाडी आठवडाभर मला द्या. पाटलीपाडा ते ठाणे स्टेशन. मग बोलू.

माझीही ड्युअल क्लच होती, सुक्या क्लचची, म्हणजे तेलात न बुडालेल्या. जाममध्ये ब्रेक थोडा सोडायचा, फूटभर पुढे, परत ब्रेक. दर फुटाला क्लच घसरत असतो, फक्त तुमचा पाय तिथे नसतो म्हणून कळत नाही. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला, मानपाड्याच्या फ्लायओव्हरवर मागची रांग माझ्या नावाने शंख करतेय. क्लच पॅक ८२ हजार सांगितला. दुसऱ्याकडे ६८ मध्ये झाला.

सई_नेरूळ

इशारा येईपर्यंत फूट-फूट सरकत का राहिलात? पुढच्या गाडीला जाऊ द्यायचं, दोन-तीन गाड्यांची जागा झाली की एकदाच नीट उचलायची. पुस्तकात लिहिलेलं असतं.

पाटलीपाडा_९७

घोडबंदरला दोन गाड्यांची जागा सोडून दाखवा. तिथे रिक्षा येते.

टर्बोतात्या

😂 हे मात्र खरं. ज्याला ठाण्यात जुनी ऑटोमॅटिकच हवी त्याने टॉर्क कन्व्हर्टर शोधावी. ॲव्हरेज एक-दोनने कमी देईल, पण तेलात फिरतं, जाममध्ये असं भाजत नाही. एएमटीचा क्लच मात्र मॅन्युअलसारखाच साधा, दाबायला पायाऐवजी मोटर. गायमुखच्या चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवाल तर तोही जळतो.

डोंबिवली_फास्ट_नाही

कुणी ई-२० वर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) बोलतच नाहीये. एप्रिल २०२३ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील...

तुर्भेचा पाना

धागाकर्त्यांची डिझेल आहे हो. त्यावर वेगळा धागा काढा, मीही येतो. बोलण्यासारखं आहे.

वाचनमात्र_वाशी

पाना साहेब, विषय निघालाच आहे तर विकत घेताना नेमकं काय बघायचं ते सांगा की. मेहुण्यासाठी बघतोय, म्हणून खुर्चीवरून उठलो.

तुर्भेचा पाना

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, तो फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, कडा गुळगुळीत झाल्या असतील आणि मीटर ३० हजार दाखवत असेल तर नमस्कार करून निघा. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, ३१२० म्हणजे २०२० चा एकतिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे असतील तर का ते विचारा.

पावसाच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा गालिचे धुतो, सीट धुतो, बेल्टची आत गुंडाळलेली शेवटची वीतभर पट्टी कुणी धुवत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की समजायचं. स्पेअर व्हीलची खाच आणि सीटखालच्या पट्ट्यांचा गंजही बघा. वंदना टॉकीजजवळ दर पावसाळ्यात काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

डिझेल असेल तर सकाळी, मालकाने आधी चालू करण्यापूर्वी जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवली होती, आणि त्याला कारण असतं. शेवटी स्कॅनर लावून घ्या, आमच्याकडे पाचशे रुपये घेतो. लोक आठ लाखांच्या गाडीला पाचशे देत नाहीत.

कासारवडवलीकर

मी सर्व्हिस हिस्टरी कंपनीकडून काढली होती. एकही सर्व्हिस चुकलेली नव्हती. पहिला मालक व्यवस्थित माणूस, फाईल लावून कागद ठेवलेले. टायरवरची तारीख बघितली नाही, हे कबूल. चारही २०२० चेच निघाले.

टर्बोतात्या

म्हणजे गाडीवरचे मूळ टायर, ५८ हजार चाललेले. त्याचे २५ हजार तिथेच किमतीतून कापून घ्यायचे होते. तुमच्या बेरजेतला हा पैसा गाडीने नाही खाल्ला.

कासारवडवलीकर

हो, कळलं. लगेच जिंकल्यासारखं करू नका.

सई_नेरूळ

पहिल्या मालकाचा रस्ता कुठला होता?

कासारवडवलीकर

सोसायटी हिरानंदानी इस्टेटमधली, ऑफिस नौपाड्यात.

सई_नेरूळ

म्हणजे तुमच्यासारखाच. सर्व्हिसच्या कागदावर ऑइल बदललेलं दिसतं, गाडी कशी चालवली ते दिसत नाही. तीच गाडी पनवेल-पुणे करणाऱ्याकडून ९० हजार किमीला घेतली असतीत तर क्लच आणि जाळी दोन्ही यापेक्षा धड असते, असं माझं मत.

पाटलीपाडा_९७

९० हजारांची गाडी घ्या असं सांगून बघा कुणाच्या बायकोला.

कासारवडवलीकर (तीन दिवसांनी)

पाना साहेबांनी सांगितलं तसं केलं. सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये. ऑइल वरच्या खुणेच्या जवळपास एक सेंटिमीटर वर. मागच्या महिन्यात बदललं तेव्हा मी स्वतः बघितलं होतं, खुणेच्या खाली होतं. ऑइल पातळ आणि वास सरळ डिझेलचा. इंजिन ऑइल पितं हे ऐकलं होतं, वाढतं हे पहिल्यांदा बघितलं.

तुर्भेचा पाना

तेच. काजळी जाळायला सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. गाडी मध्येच बंद झाली की त्यातलं थोडं रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. परत परत झालं की ऑइल पातळ, आणि पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फार दिवस चालत नाही. टर्बो नवीन ४५ ते ६०, रिकंडिशन वीसच्या आत-बाहेर. तुमच्या यादीत ही ओळ अजून आलेली नाही, येऊ देऊ नका. ऑइल आजच बदला आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा.

कासारवडवलीकर

मोकळा रस्ता? ठाण्यात? भिवंडी बायपासला जाऊ का?

पाटलीपाडा_९७

अटल सेतू. २१.८ किमी, सिग्नल नाही, रिक्षा नाही.

कासारवडवलीकर (रविवारी)

गेलो. ऑइल बदलून (३,९००, यादीत घाला) पहाटे पाचला निघालो, शिवडीवरून चढलो. ८० च्या वेगाला गाडी लावली आणि धरून ठेवली. मधल्या टप्प्यात ॲव्हरेजचा काटा अचानक खाली आला, मागून जळका वास, मी घाबरलो, पण पाना साहेबांनी आधीच सांगितलं होतं की जळताना असं होतं. चिर्ल्याला उतरेपर्यंत वास गेला. डीपीएफचा लाईटही गेला. उलवे, पाम बीच, ठाणे-बेलापूर रोड करत सव्वासातला घरी. पिकअप परत आल्यासारखा वाटतोय, मनाचे खेळ असतील.

टोल २५०.

टर्बोतात्या

महिन्याला चार रविवार, हजार रुपये. डीपीएफ एकदा उतरवून साफ करायला किती दिले होते म्हणालात?

कासारवडवलीकर

चौदा हजार. पण तात्या, टोल दुरुस्तीखर्चात धरायचा की नाही ते आधी ठरवा, कारण मी धरणार आहे. शिवाय डिझेल सव्वाचार लिटर गेलं.

सई_नेरूळ

पुढच्या रविवारी नेरूळला नाश्त्याला थांबा. तो खर्च मात्र धरू नका.