इनडोअर कबड्डीच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या बॉडीआधी लेन्स ठरवा

४० हजारांत कबड्डीचे फोटो काढायला नवा कॅनन १५००डी कॅमेरा आणि ५५-२५० मिमी झूम लेन्स घ्यायचा विचार आहे म्हणता, पण हॉलमध्ये ही जोडी कमी पडेल. १५००डी सेकंदाला ३च फ्रेम्स (फोटो) देतो, फोकस धरणारे पॉइंट ९. ५५-२५० लांबच्या टोकाला एफ ५.६ वर अडकते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). एफ १.८ ची लेन्स त्याच्या साडेनऊ पट उजेड आत घेते, ५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे ६४० वर भागतं.

मी सेकंडहँड कॅनन ७०डी सुचवेन: सेकंदाला ७ फ्रेम्स, १९ क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे) पॉइंट. सोबत ८५ मिमी एफ १.८ लेन्स. तिच्यातून आठ मीटरवरचा रेडर उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो, त्यामुळे हात धरलेल्या बचावपटूंची साखळी पकड फ्रेममध्ये हवी असेल तर ५० मिमी एफ १.८ बरी. तिचा फोकस जरा संथ, पण किंमत बरीच कमी.

शटर १/८०० सेकंद, एआय सर्व्हो (हलत्या खेळाडूवर सतत फोकस ठेवणारा मोड), मधला एकच पॉइंट छातीवर. सगळे पॉइंट चालू ठेवलेत तर फोकस हमखास पुढच्या बचावपटूवर उडी मारतो. ट्यूबलाइटखाली काही फ्रेम्स काळपट येतील; दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कॅमेरा बिघडलेला नसतो.

सेकंडहँड कॅमेरा घेण्याआधी एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.