मदत हवी आहे: प्रिंटमध्ये आकाशाला पट्टे येतात

हर्णै बंदरावरून सुवर्णदुर्गाचे ऑक्टोबरमधले निवडक फोटो १२ बाय १८ इंची मॅट प्रिंटसाठी तयार करतोय. सूर्य बुडाल्यानंतरचं आकाश, दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश खूप कमी करणारी गडद काच), साधारण ६० सेकंद एक्स्पोजर, आयएसओ १००, २४ मेगापिक्सेल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). ऑक्टोबरात ढग विरळ, म्हणून केशरीतून जांभळ्यात जाणारा रंग सलग मिळतो. नेमका तिथेच, किल्ल्याच्या तटाच्या जरा वर, प्रिंटमध्ये पायऱ्या पडल्यासारखं दिसतं.

एडिटिंग १६ बिटमध्येच (जास्त रंगछटा साठवणारं) आहे आणि ती फाइल स्क्रीनवर स्वच्छ दिसते. पट्टे येतात ते ८ बिट (कमी छटांची) जेपेग केल्यावर. क्वालिटी १०० ठेवूनही फरक नाही. नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे पुसणारी सोय) बंद केल्यावर थोडं सुधारलं, कारण बारीक नॉइजच पट्टे मोडतो. डिहेज (धुरकटपणा काढणारा स्लायडर) कमी केलं तर पट्टे घटतात, पण खाऱ्या हवेतला धुरकटपणा राहतो नि किल्लाच फिका पडतो (मग फोटोत उरलं काय?).

प्रिंट काढणारी लॅब टिफ (१६ बिट ठेवू शकणारी फाइल) घेत नाही, फक्त एसआरजीबी (नेहमीच्या प्रमाण रंगांतली) जेपेग. लॅब बदलणं सध्या शक्य नाही.

तर पट्टे मोडायला ग्रेन (मुद्दाम घातलेले बारीक दाणे) घालायचंच झालं तर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त आकाशाला, की सगळ्या फोटोला? ५४०० बाय ३६०० पिक्सेलला रिसाइझ करण्याआधी की नंतर? आणि मॅट कागदावर हातभर अंतरावरून दिसू नये, तरी पट्टे मोडावेत, यासाठी लाइटरूममध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ग्रेनचं अमाउंट आणि साइझ किती ठेवता?