कासव नदीत सोडू नका

ताई, कासव मोठं झालं म्हणून नदीत सोडून द्यायचं म्हणताय, तेवढं मात्र करू नका. डोळ्यामागे लाल पट्टा आहे म्हणजे ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. आपल्या नद्या-तळ्यांत ते मजेत तगतं, आणि अन्न व उन्हाला बसायच्या जागा इथल्या कासवांकडून हिसकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

दुकानदार नाण्याएवढं पिल्लू देतो आणि 'एवढंच राहतं' म्हणून सांगतो. साफ खोटं! मादी 25 सेंमीच्या पुढे जाते, आयुष्य 20-30 वर्षं. म्हणजे मुलगी पाचवीत असताना आणलेलं कासव तिच्या लग्नानंतरही तुमच्याकडेच. त्याला मोठी टाकी, फिल्टर, कोरडं व्हायला दगड आणि यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) लागतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पुरत नाही. दिवा किंवा थेट ऊन नसेल तर कवच मऊ पडतं.

साल्मोनेलाचा, म्हणजे कासवाकडून माणसाच्या पोटात जाऊन जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूंचा, धोकाही आहेच. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, ती लहान मुलं आजारी पडत होती म्हणूनच. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, हात साबणाने धुवा.

स्टार कासव (कवचावर ताऱ्यांसारखी नक्षी असलेलं) 'लकी' असतं, असंही कुणी कुणी म्हणतं. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा.

तुमच्या कासवासाठी आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. दत्तक घेणारं कुणी त्यांच्या ओळखीत निघतं बऱ्याचदा.