गारदी आणि गर्दी यांचं नातं काय?

प्रश्न : 'गारदी' हा शब्द 'गर्दी'वरून आला, झुंडीनं येऊन मारणारे ते गारदी, असं ऐकलं. खरं आहे का? आणि अर्थ 'भाडोत्री सैनिक' असाच घ्यायचा का?

उत्तर : हे नातं फक्त कानाला वाटणारं. 'गर्दी' फारसीकडून आली. पानिपतच्या धुळधाणीला 'भाऊगर्दी' म्हणतात, त्यातली ती. पानिपतावर गारदीही होते आणि भाऊगर्दीही तिथलीच, मग घोटाळा होणारच!

'गारदी' आला युरोपीय 'गार्द', 'गार्ड'वरून, म्हणजे पहारा. तेलाचा तेली, तसा गार्दाचा गारदी. फ्रेंच सेनानी बुसी हैदराबादेत निजामाच्या मदतीला होता. त्यानं कवायत शिकवून जी पायदळं उभी केली, त्यांत इब्राहिमखान गारदी तयार झाला. पुढे तो सदाशिवरावभाऊंकडे आला.

'भाडोत्री' म्हणायला हरकत नाही, पण आज त्या शब्दाला जो बेइमानीचा वास येतो तो इथे लावू नका. या पलटणींना दरमहा रोख पगार लागे आणि इब्राहिमखान त्यासाठी अडून बसे, हे भाऊंना खुपायचं. 14 जानेवारी 1761 रोजी लढाईला तोंड लागण्याआधी तो भाऊंना म्हणाला की पगारासाठी तुमचा रोष ओढवून घेतला, आज तो आम्ही फुकट खाल्ला नाही हे दाखवतो. लढाई प्रत्यक्ष पाहिलेल्या, शुजाउद्दौलाच्या पदरच्या काशीराजाच्या हकिकतीत हे आहे. त्यानं शब्द पाळला. शेवटी अब्दालीच्या कैदेत मारला गेला.

प्रश्न : मग गारदी म्हणजे मारेकरी, हे कुठून आलं?

उत्तर : शनिवारवाड्यातून. 30 ऑगस्ट 1773 रोजी सुमेरसिंग वगैरे गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. तेव्हाही थकलेल्या पगाराची तक्रार होतीच. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं ही दंतकथा आहे, पण 'ध चा मा' भाषेत कायमचा रुजला आणि त्याच्याबरोबर गारदीही बदनाम झाला. पानिपतानंतर जेमतेम बारा वर्षांत! आज कुणाला 'गारदी' म्हटलं तर ती शिवीच. इब्राहिमखानाच्या नावापुढचा 'गारदी' मात्र बिरुद म्हणून वाचावा.

प्रश्न : बारगीर म्हणजे तेच का?

उत्तर : नाही. बारगीर सरकारी घोड्यावरचा स्वार, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. गारद्याला घोडाच नाही, तो पायदळातला बंदूकवाला.