मदत हवी आहे: आईचं काम जीडीपीत का नाही, हे मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. राष्ट्रीय उत्पन्न आणि जीडीपी (देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांचं एकूण मूल्य) शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, आई पहाटेपासून राबते, ते यात कुठे धरलंय?" पैशाचा व्यवहार नाही म्हणून धरत नाहीत, हे पुस्तकी उत्तर मी दिलं. तिला पटलं नाही, खरं तर मलाही नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, असं काम करणारे पुरुष ९७.

जंगलाचंही तेच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथला विकलेला बांबू जीडीपीत येतो, राखलेलं जंगल येत नाही.

भूतानचा राष्ट्रीय आनंद निर्देशांक आणि ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये स्वीकारलेलं डोनट मॉडेल (सगळ्यांच्या मूलभूत गरजा भागवायच्या, पण निसर्गाच्या मर्यादेत राहून) मुलांना सांगणार आहे. पण मला त्यांच्याकडून स्वतःच्या घराचा हिशोब करून घ्यायचाय. घरकामाला दर कोणता लावू? गावातल्या मोलकरणीची मजुरी, की तेवढ्या वेळात आईने बाहेर कमावले असते ते पैसे? दुसऱ्या पद्धतीत शिकलेल्या आईचा स्वयंपाक महाग ठरतो, ते मला खटकतं. कुणी वर्गात असं काही करून पाहिलंय का? कृपया सविस्तर सांगा.