मदत हवी आहे : मिनांगकाबाऊ समाजातील निनिक मामाक आणि दारूचा प्रश्न

नमस्कार,

समाजकार्याच्या प्रबंधासाठी मी इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रामधील मिनांगकाबाऊ समाजाचा अभ्यास करते आहे. तिथले पारंपरिक पुढारी दारूचा प्रश्न कसा हाताळतात, या मुद्द्यापाशी मी अडले आहे.

या समाजात कूळ आईकडून चालते, घर आणि वडिलोपार्जित शेतजमीन मुलींकडे जाते, आणि भाच्याला वळण लावणे हे परंपरेने मामाचे काम मानले जाते. कुळाचा प्रमुख 'दातुक' ही पदवी धारण करतो. नगारीतील, म्हणजे गावातील, अशा सर्व प्रमुखांना मिळून निनिक मामाक म्हणतात. तंटा आधी घरातल्या मामापुढे, मग कुळाच्या प्रमुखापुढे आणि तिथेही न मिटल्यास नगारीच्या परिषदेपुढे जावा, अशी रीत आहे.

दारूला विरोध तिथे नवा नाही. 1803 च्या सुमारास मक्केहून परतलेल्या हाजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या 'पाद्री' नावाच्या इस्लामी सुधारणा चळवळीने ताडी, अफू, जुगार आणि कोंबड्यांच्या झुंजींविरुद्ध मोहीम उघडली होती. आज रूढी इस्लाम धर्मावर आधारलेली आहे हे तत्त्व सर्वमान्य आहे, त्यामुळे दारू वाईट की नाही हा वादच उरत नाही. प्रश्न आहे तो अधिकाराचा. पूर्वी वयात आलेली मुले रात्री सुराऊत, म्हणजे प्रार्थनागृहात, झोपत आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली राहत. आता कुटुंबे विभक्त झाली आहेत आणि कित्येक मामा पोटापाण्यासाठी जाकार्ता किंवा पेकानबारूला राहतात. 1979 च्या ग्रामकायद्यामुळे नगारींचे तुकडे झाले. 2000 नंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण मधल्या काळात दातुकांचा वचक बराच ओसरला, असे मला वाटते. शिवाय लग्नातल्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या ऑर्गनवरील गाण्यांच्या कार्यक्रमात एकत्र पिणारी मुले निरनिराळ्या कुळांची असतात, आणि दातुकाचा शब्द मुख्यतः आपल्याच कुळातल्या भाच्यांवर चालतो.

अशा वेळी मुलांना जाब कोण विचारतो? परिषदेने ठरवलेला दंड वसूल कोण करतो? आपल्याकडे गावातल्या महिलांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते; तिथे घर ज्यांच्या नावाने चालते त्या बुंदो कांदुआंगना, म्हणजे कुळातील ज्येष्ठ स्त्रियांना, अशा निर्णयात प्रत्यक्ष किती स्थान असते?

पाडांग, बुकिटिंग्गी किंवा पायाकुंबुह परिसरात कुणी राहिले असल्यास कृपया आपला अनुभव लिहावा. वाचनासाठी लेख किंवा ग्रंथ सुचवल्यास आभारी राहीन. इंडोनेशियन भाषेतील असले तरी चालतील.